शाळा चालविणारी माणसे : गौलीगुड्याच्या विवेक वर्धिनीचा वारसा

गौलीगुडा म्हटले की बाहेरच्या माणसाला जुना बसस्टँड आठवतो. निजाम सरकारने १९३२ साली २७ बसगाड्यांवर रस्तावाहतूक सुरू केली. त्या काळातली ती अर्धगोल पत्र्याची प्रचंड शेड जुलै २०१८ मध्ये कोसळली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. आपल्या मराठी घरांत मात्र गौलीगुडा म्हणजे पहिल्यांदा विवेक वर्धिनी, बाकी सगळे नंतर. कुणाचे आजोबा तिथे शिकले, कुणाची आई, कुणाच्या काकू तिथे शिकवत. शाळेची आठवण काढताना आपण वर्ग, मास्तर, गॅदरिंग, मैदान यांच्याबद्दल बोलतो. शाळा ज्यांनी काढली आणि चालविली त्या मंडळींबद्दल क्वचितच बोलतो. यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहावे असे ठरविले.

विवेक वर्धिनीची स्थापना १९०७ सालची. तेव्हा गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. राज्यातली बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. १८८४ च्या सुमारास दरबारातून फारसी गेली आणि तिच्या जागी उर्दू आली, पण रयतेच्या भाषांना कचेरीत जागा मिळाली नाही. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतून, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबादेतून, वकिली, नोकरी, जहागिरीची कामे यांसाठी मराठी कुटुंबे राजधानीत येत. मुलाने नोकरीसाठी उर्दू शिकावे, इंग्रजीही शिकावे, हे सर्वांना मान्य होते. पण आपली भाषा तो शिकणार कुठे? हा प्रश्न घराघरांत होता. काही जणांनी तो घराबाहेर काढला आणि त्याची शाळा केली.

हे काही जण कोण, ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. केशवराव कोरटकर हे मराठवाड्यातून आलेले नामांकित वकील. पुढे ते हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आर्य समाजाचे आणि समाजसुधारणेचे राज्यातले ते मोठे पुढारी. वामनराव नाईक हे जहागीरदार घराण्यातले, पैसा आणि वजन दोन्ही असलेले. आणि श्रीपाद दामोदर सातवळेकर हे सावंतवाडी संस्थानातून मुंबईच्या जे. जे. कला शाळेमार्गे इकडे आलेले चित्रकार. वेदांचे भाष्यकार म्हणून ज्यांना साऱ्या देशाने ओळखले, ज्यांना १९६८ मध्ये पद्मभूषण मिळाले, ते पंडित सातवळेकर तरुणपणी आपल्या हैदराबादेत चित्रे काढून पोट भरत होते आणि शाळा उभारणीत गुंतले होते.

म्हणजे एक वकील, एक जहागीरदार, एक चित्रकार. शिक्षक हा तिघांपैकी कुणाचाच पेशा नव्हता. पण संस्था चालवायला काय काय लागते याचा विचार केला तर ही जमवाजमव फार शहाणपणाची वाटते. सरकारदरबारी अर्जी कशी लिहायची आणि कायद्याच्या कोणत्या कलमात बसायचे, हे वकिलाला कळते. महिनाअखेरीस पगाराची रक्कम कमी पडली तर कुणाकडे जायचे, हे जहागीरदाराला कळते. आणि मुलांना कशाने झपाटून टाकायचे, हे कलावंताला आणि विद्वानाला कळते. तिन्ही गुण एका माणसात सापडत नाहीत, म्हणून मंडळ लागते. आजच्या भाषेत ज्याला 'सीनियर लीडरशिप टीम' म्हणतात, ती आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी चिटणीस, खजिनदार, सभासद अशा साध्या नावांनी काम करीत होती.

शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसी नदीला तो भयंकर पूर आला. हजारो माणसे वाहून गेली. अफजलगंज, कोलसावाडी हा सगळा भाग उद्ध्वस्त झाला, आणि तिथून गौलीगुडा हाकेच्या अंतरावर. वर्षभराच्या संस्थेला एवढा धक्का पुरेसा असतो. लोकांची घरेच गेलेली असताना शाळेची वर्गणी कोण देणार? तरीही शाळा टिकली.

अडथळा नुसता निसर्गाचाही नव्हता. विसाच्या दशकात सार्वजनिक सभांवर बंधने आली आणि खासगी शाळांना सरकारी परवानगीची अट आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण मराठी, तेलुगू, कानडी घरांतल्या मुलांना तीही परकीच भाषा. अशा काळात शाळेची मान्यता राखणे, सरकारशी भांडण न करता आणि लाचारही न होता काम पुढे नेणे, ही चालकांची खरी परीक्षा होती. हे काम एकट्या हैदराबादेत चालले होते असे नाही. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे, औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ चे, अंबाजोगाईचे योगेश्वरी १९१७ चे. याच अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते आणि तिथूनच ते स्टेट काँग्रेसच्या लढ्यात गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची पुष्कळशी माणसे अशा शाळांच्या अंगणात तयार झाली.

विवेक वर्धिनीच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, जो आपण मराठी माणसे फारसा सांगत नाही. आपले तेलुगू शेजारी मात्र तो आवर्जून सांगतात. नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम राज्य सामाजिक परिषद विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजी, उर्दू आणि मराठीत झाली. मग वकील आलंपल्ली वेंकट रामाराव तेलुगूत बोलायला उभे राहिले, आणि सभेतल्या मराठी मंडळींनी टाळ्या वाजवून, गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. जी मंडळी आपल्या भाषेवर अन्याय होतो म्हणून शाळा काढून बसली होती, त्यांच्याच सभागृहात दुसऱ्याच्या भाषेची थट्टा झाली. त्याच रात्री अपमानित झालेले काही तेलुगू तरुण एकत्र बसले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुला रामकृष्णराव यांच्यासारखी माणसे त्या कामात होती. तेलंगणातल्या ग्रंथालयांच्या, शाळांच्या आणि पुढे राजकारणाच्या चळवळीचे मूळ तिथे आहे.

हा प्रसंग झाकून ठेवण्यासारखा नाही, शिकण्यासारखा आहे. व्यासपीठावर कर्व्यांसारखा ऋषितुल्य माणूस होता. परिषदेच्या मागे सुधारक विचारांची माणसे होती. तरी सभागृहातल्या गर्दीने एका क्षणात जे केले त्याचे परिणाम पिढ्यानपिढ्या उरले. संस्थेचे नाव ज्यांच्या वागण्यावर ठरते ती माणसे नेहमीच खुर्चीवर बसलेली नसतात. पुष्कळदा ती शेवटच्या रांगेत असतात. त्यांना सांभाळून घेणे, वेळेला आवरणे, हेही नेतृत्वाचे काम आहे.

पुढे या दोन प्रवाहांची गाठ पडली तीही ध्यानात ठेवावी अशी. बुर्गुला रामकृष्णराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले होते. १९५२ मध्ये ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळात केशवरावांचे चिरंजीव विनायकराव कोरटकर होते. गुरुकुल कांगडीचे विद्यालंकार आणि विलायतेचे बॅरिस्टर असलेल्या विनायकरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा सुरू केली. केशवराव १९३२ मध्ये गेले होते. वडिलांचा पुतळा उभारण्याऐवजी मुलाने शाळा उभारली. गौलीगुडा ते नारायणगुडा हे अंतर दोन-तीन किलोमीटरचे, पण त्यात दोन पिढ्यांचे काम आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादेत राहिलेले आपण अल्पसंख्य झालो. आदल्या दिवसापर्यंत आपली भाषा राज्याच्या तीन मोठ्या भाषांपैकी एक होती. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या राज्याची भाषा ठरली. राज्यघटनेने मात्र आपल्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम ३० प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालविण्याचा हक्क आहे. कलम ३५०-अ त्याच वर्षी घटनेत आले. त्यात अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे म्हटले आहे. भाषिक अल्पसंख्य कोण हे देशाच्या नव्हे, त्या त्या राज्याच्या हिशेबाने ठरवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा तेलंगणात मराठी संस्थेला हा हक्क निर्विवाद आहे.

पण 'चालविण्याचा हक्क' या शब्दांत चालविणारा माणूस गृहीत धरलेला आहे. मी सरकारी नोकर, कागदांशी रोजचा संबंध. संस्था कागदावर कशी जगते ते मला ठाऊक आहे. आपल्या संस्था पूर्वी १३५० फसलीच्या कायद्याखाली नोंदल्या जात, २००१ पासून नवा सोसायटी कायदा आला. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची, हिशेब मांडायचे, कार्यकारिणीची यादी रजिस्ट्रारकडे द्यायची. शाळेचा करस्पाँडन्ट डी.ई.ओ. ऑफिसात खेटे घालणार, मान्यतेचे नूतनीकरण, इमारतीचा दाखला, अग्निशमनाचा दाखला आणणार. २०१८ च्या कायद्याने शाळांतून तेलुगू सक्तीची झाली, त्याप्रमाणे शिक्षक नेमायचा. यातले एकही काम टाळ्या मिळवून देणारे नाही. पण एखाद्या वर्षी ते राहून गेले की शंभर वर्षांची संस्था अडचणीत येते.

आज आपल्या मंडळांच्या सभांना कोण येते ते आपण पाहतोच. बहुतेकांचे केस पांढरे. मुले हायटेक सिटीत नाहीतर परदेशात, नातवंडे इंग्रजी शाळेत. त्यात दोष देण्यासारखे काही नाही. केशवरावांनाही वकिली होती, वामनरावांनाही जहागिरीचा व्याप होता. त्यांनी रिकाम्या वेळात संस्था केली असे नाही, भरलेल्या वेळातून वेळ काढला. आपल्याकडेही कायदा जाणणारे आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, कॉम्प्युटरवाले तर घरटी एक. त्या वेळी एक वकील, एक जहागीरदार आणि एक चित्रकार पुरले, मग आपल्याला माणसे कमी पडण्याचे कारण नाही.

गणपती बसवताना आपण मखराचे काम एकाला देतो, प्रसादाचे दुसऱ्याला, वर्गणीचे तिसऱ्याला, आणि दहा दिवस सगळे बिनबोभाट पार पडते. तीच वाटणी उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांसाठी करायची आहे. आपल्या भागातल्या मराठी शाळेची, ग्रंथालयाची किंवा मंडळाची पुढची वार्षिक सभा कधी आहे ते विचारून घ्या, आणि जाताना घरातल्या तिशीच्या आतल्या एकाला बरोबर न्या.

गणपती बाप्पा मोरया!