अवयव-प्रतिरोपण संशोधन अधिछात्रवृत्ती

अवयव-प्रतिरोपण संशोधन अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) : पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या वा घेतलेल्या डॉक्टरला रुग्णसेवेच्या दैनंदिन कामगिरीतून काही मुदतीपुरते, बहुधा एक ते दोन वर्षे, मोकळे करून प्रतिरोपणविषयक संशोधनास वाहून घेता यावे, म्हणून दिली जाणारी सवेतन नेमणूक. केवळ शस्त्रक्रियेचे कसब शिकविणाऱ्या फेलोशिपहून ही निराळी. कारण रक्तवाहिन्या सांधण्याची विद्या आलेक्सिस कारेल (नोबेल पारितोषिक १९१२) यांच्या काळापासून हस्तगत असूनही, सांधलेला परका अवयव शरीर का नाकारते, हे कोडे शस्त्रक्रियागृहात सुटणारे नव्हते.

अशा संशोधन-फेलोशिपचा सर्वोत्तम दाखला रॉय काल्न यांचा. हे तरुण इंग्रज शल्यविशारद १९६० साली हार्कनेस फेलोशिप घेऊन बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात जोसेफ मरी यांच्याकडे रुजू झाले. वाटेत न्यूयॉर्कनजीक औषधसंशोधक जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्याकडून त्यांनी काही नवी संयुगे मागून घेतली, आणि मूत्रपिंड-प्रतिरोपण केलेल्या कुत्र्यांवर ती आजमावता शरीराचा हा नकार रोखण्यात त्यांपैकी अ‍ॅझाथायोप्रीन हे औषध सरस ठरले. या प्रयोगांची हकीकत सांगताना त्यांनी लॉलीपॉप नावाची कुत्री सभागृहात सोडली, ती पहिल्या रांगेतील प्राध्यापकांशी लाडीगोडी करू लागली. कोणत्याही आलेखाहून हा पुरावा बोलका होता. १९६२ साली मरी यांच्या एका रुग्णाच्या देहात मृत दात्याचे मूत्रपिंड याच औषधाच्या आधारे वर्षाहून अधिक काळ चालले.

वर्ष-दोन वर्षांत संशोधक घडावा, ही अपेक्षा अवाजवीच. तथापि प्रयोगाची आखणी, जनावरांची निगा आणि फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद ही शिस्त एवढ्या मुदतीतही अंगी बाणते. काल्न यांचेच पाहा : पुढे मायदेशी परतून त्यांनी १९६८ मध्ये केंब्रिज येथे यकृत-प्रतिरोपण सुरू केले.