उन्हात ठेवलेली दारू: आज्ञापत्र, काडतुसं आणि माळ्यावरचा एक डबा



मागच्या महिन्यात एका रविवारी काकांचा फोन आला. मी धायरीतल्या खोलीवर सिनॉप्सिसचं तिसरं प्रकरण घेऊन बसले होते. काका राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी असतात. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आजोबांच्या काळापासून घरात परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. घराची कौलं काढताना माळ्यावर एक गंजका पत्र्याचा डबा सापडला होता. आत काळपट-करडी भुकटी, आणि शेजारी कागदी नळीची, फुगलेली सात-आठ काडतुसं.

"अगं, तू केमिस्ट्रीवाली ना? ही दारू चालेल का? रिकामी काडतुसं पडलीयेत, भरून बघतो. बाबा पावसाळ्यानंतर दोन दिवस उन्हात ठेवायचे, मग चालायची."

मी आधी एवढंच म्हटलं, "काका, डब्याला हात लावू नका, हलवू पण नका. उद्या सांगते." खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही नीट उत्तर येत नव्हतं. ते शोधताना मी रसायनशास्त्राच्या पुस्तकातून निघून १७१५ सालात गेले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्या प्रवासाचा उपयोग होईल असं वाटलं, म्हणून हा लेख.

आजोबांची पद्धत आली कुठून?

पहिला धक्का असा की आजोबांची पद्धत अडाणीपणाची नव्हती. तिला चांगला तीनशे वर्षांचा आधार आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आपण सगळ्यांनी शाळेत निदान नावाने तरी ऐकलेलं असतं. १७१५ च्या सुमाराला लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात दुर्गांचं प्रकरण आहे, आणि त्यात दारूखाना कसा असावा हे सविस्तर सांगितलं आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर असं: दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. लांब जागा बघून, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण घालून बांधावा. आत तळघर असावं, त्याला चुन्याचा गच्च करावा, त्यात लाकडी माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. सर्दी, म्हणजे ओल, लागू देऊ नये. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढावं, ऊन द्यावं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावं. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीशिवाय कुणाला जवळ येऊ देऊ नये.

हे वाचताना मला आमच्या लॅबच्या कपाटावर चिकटवलेला सूचनांचा कागद आठवला. जागा, अंतर, आर्द्रता, तपासणीचा कालावधी, जबाबदार व्यक्ती, सील. सगळं आहे.

घरांपासून लांब हा मुद्दा का महत्त्वाचा, हे समजायला धायरीहून फार लांब जावं लागत नाही. सिंहगडावर पुणे दरवाजाने आत गेलं की उजवीकडे दगडी दारूकोठार दिसतं. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली, स्फोटात गडावरच्या फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली माणसं गेली, अशी माहिती दिली जाते. शनिवारी-रविवारी पिठलं-भाकरी खायला जाणारे आपण बहुतेक त्या इमारतीसमोर फोटो काढून पुढे जातो.

काळ्या दारूचं म्हातारपण

आता रसायनशास्त्र. अमात्यांच्या काळातली दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. मिश्रण हा शब्द अधोरेखित करा. हे तीन पदार्थ शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यांचं एक संयुग झालेलं नसतं. कोरडं राहिलं तर हे मिश्रण वर्षानुवर्षं जवळजवळ तसंच राहतं. त्याचा मुख्य शत्रू पाणी. त्यातही शोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार राहतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. सह्याद्रीच्या पावसात चार महिने काय होत असेल, कल्पना करा.

म्हणून ऊन द्यायचं. पण इथेही एक मर्यादा आहे. ओल फार झाली तर शोरा विरघळतो, दाण्याच्या पृष्ठभागावर येतो आणि तिथे त्याचे स्फटिक होतात. वाळवल्यावर पाणी जातं, पण शोरा परत कोळशाच्या कुशीत जाऊन बसत नाही. मिश्रण फाटलेलंच राहतं. ओल लागेपर्यंत थांबू नका, दर आठ-पंधरा दिवसांनी काढा, या सूचनेमागचं कारण मला इथे दिसतं. इंग्रज आरमारात दारूची पिंपं ठराविक काळाने उलटी-पालटी करायचे, आणि फारच खराब झालेली दारू कारखान्यात परत पाठवून तिच्यातला शोरा काढून घ्यायचे. म्हणजे काळी दारू म्हातारी झाली की मंद होते, भरवशाची राहत नाही. तिचा मूळ स्वभाव मात्र बदलत नाही. ती ठिणगीने पेटणारच.

शब्द तोच, पदार्थ वेगळा

माझी गाडी इथे अडली. काकांच्या डब्यातली दारू ही अमात्यांचीच दारू आहे, हे मी गृहीत धरलं होतं. शब्द एकच आहे ना!

एकोणिसाव्या शतकात त्या शब्दाखालचा पदार्थ बदलला. १८४६ मध्ये शोनबाइनने कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून गनकॉटन, म्हणजेच नायट्रोसेल्युलोज, जाहीर केलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फॅवरशॅमचा गनकॉटनचा कारखाना स्फोटात गेला. ते टिकाऊ करायला अनेक वर्षं लागली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने त्यापासून बंदुकीत वापरण्याजोगी धूरविरहित दारू बनवली. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट आणलं. ब्रिटिशांच्या .३०३ रायफलीचं उदाहरण फार बोलकं आहे. तिची पहिली काडतुसं दाबलेल्या काळ्या दारूची होती, १८९१ पासून कॉर्डाइटची आली. बाहेरून काडतूस तेच, आतली दारू पूर्ण निराळी. १९०४ मध्ये निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना निघाला. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे त्याने दोन्ही युगं पाहिली. त्याच खडकीची 'शक्तिमान' नावाची बारा बोअरची काडतुसं गावोगावच्या परवानाधारकांनी वापरली आहेत.

धूरविरहित दारू मिश्रण नाही. इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत बांधलेले असतात, आणि त्यातला नायट्रेट एस्टरचा बंध कमकुवत असतो. तो कोठारात, शांतपणे, काहीही न करता थोडा थोडा तुटत राहतो. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, ओलीशी मिळून आम्ल बनतं, आणि ते आम्ल उरलेले बंध अधिक वेगाने तोडतं. याला आपण स्वउत्प्रेरण म्हणतो. एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला पाठ केलेली ही गोष्ट, कोठारात घडली की माणसं मरतात. उष्णता बाहेर पडायला वाट नसेल तर साठा आपोआप पेटू शकतो.

फ्रेंच नौदलाने ही किंमत मोजली. १२ मार्च १९०७ रोजी तुलाँच्या गोदीत 'इएना' ही युद्धनौका आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी तिथेच 'लिबेर्ते' स्फोटात उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसं गेली. कुणी शत्रू नव्हता. संशय गेला तो साठवलेल्या जुन्या दारूच्या विघटनावर.

उपाय म्हणून दारूत डायफिनाइलअमीनसारखा स्थिरक घालतात. बाहेर पडणारे ऑक्साइड तो पकडतो. पण तो थोडाच असतो आणि खर्च होत जातो. संपला की पुढचा प्रवास वेगाने होतो. तो किती उरलाय हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या चाचण्या लागतात, आणि लष्करी साठ्यांची तशी तपासणी ठरलेल्या मुदतीने होते.

आता उन्हाकडे परत या. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे विघटन दुपटी-तिपटीने वेग घेतं. कोकणातल्या कौलांखालचा माळा एप्रिल-मेमध्ये किती तापतो ते तिथे झोपलेल्या कुणालाही विचारा. अशा दारूला वर आणखी ऊन द्यायचं म्हणजे तिचा उरलासुरला स्थिरक जाळून टाकायचा. १७१५ च्या दारूला जे औषध, तेच १९१५ च्या दारूला विष.

मग काडतुसं का भरायची नाहीत?

समजा विघटन फार झालेलं नाही. तरीही नाही, आणि कारण साधं आहे: डब्यात काय आहे हेच माहीत नाही. काळी दारू आणि धूरविरहित दारू जळण्याचा दाब अगदी वेगळा निर्माण करतात. धूरविरहित दारूतही जलद आणि मंद असे अनेक प्रकार आहेत, आणि त्यांचे करडे कण दिसायला सारखेच असू शकतात. जुनी झाल्यावर कणांवरचा लेप बिघडतो, तसा जळण्याचा वेगही बदलतो. 'जुनी आहे, जोर कमी असेल, जरा जास्त घालू' हा विचार नळी फुटण्याकडे नेतो, आणि बंदुकीची नळी फुटते ती धरणाऱ्याच्या डाव्या हातात, चेहऱ्याजवळ.

शिवाय कायदा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. पीकरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे घरी काडतुसं भरण्याचा परवाना नव्हे.

आणि जुन्या दारूगोळ्याची विल्हेवाट हे तर प्रशिक्षित लोकांनाही अवघड काम. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले, रोजावर आलेले मजूर होते.

यातून मी काय शिकले

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, इतिहासाची नाही. त्यामुळे 'आज्ञापत्र' वाचून पहिल्यांदा मला वाटलं, वा, उत्तर मिळालं! जुन्या साधनात पद्धत सापडली, ती रसायनशास्त्राने बरोबर ठरली, लेख तयार. चूक नेमकी तिथेच होत होती. पद्धत बरोबर होती, पण ती कोणत्या पदार्थासाठी सांगितली होती हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

तुम्ही कोणत्याही विषयात जुनी साधनं वाचत असाल तर तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या शब्दाचा त्या वर्षी अर्थ काय होता? ही कृती कोणत्या अडचणीवर होती? ती अडचण आज तीच आहे का? लॅबमध्येही हेच लागू पडतं. सीनियरने सोडून दिलेली, लेबल उडालेली बाटली 'चालते रे' म्हणून वापरणारे आपल्यात कमी नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बाबा चुकत होते?"

"नाही काका. त्यांना ज्याने शिकवलं त्याच्या काळात ते बरोबर होतं. काळ बदलला तेव्हा दारूने कुणाला सांगितलं नाही."

डबा होता तिथेच ठेवून, घरातल्या माणसांना खळ्यात बसवून त्यांनी पोलीस ठाण्याला कळवलं. पुढचं त्यांनी पाहिलं. माळा आता रिकामा आहे, आणि कौलं बदलून झाली आहेत.