घरगुती पंप : दोष आणि निदान

घरगुती पंप : खालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा, साधारण अर्धा ते एक अश्वशक्तीचा, सिंगल फेज विजेवर चालणारा अपकेंद्री पंप. घरोघर त्याला नुसते ‘मोटर’ म्हणतात. त्याच्या पोटातले पाते, म्हणजे इंपेलर, मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते आणि मधोमध आलेले पाणी परिघाकडे फेकते. मध्यभागी त्यामुळे दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब टाकीतले पाणी नळीतून वर ढकलतो. महाराष्ट्रात अपकेंद्री पंप शेतापर्यंत पोचवण्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये उभ्या केलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचा वाटा मोठा आहे.

घरात त्याची जागा कुठे, हे एका शहरावरून पाहू. ग्वाल्हेरमध्ये झाशी रस्त्याकडच्या हरिशंकरपुरमसारख्या वसाहतींत घरचे पाणी टप्प्याटप्प्याने येते. आधी नगर निगमची लाइन, मग अंगणात किंवा जिन्याखाली बांधलेली टाकी, मग मोटर, गच्चीवरची टाकी आणि शेवटी नळ. शहराची मुख्य भिस्त सांक नदीवरच्या तिघरा धरणावर आहे. महाराजा माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत १९१६ मध्ये बांधलेले हे धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये पायाच्या वालुकाश्मात पाणी शिरल्याने फुटले. पुढे ते पुन्हा उभारले गेले. तिथले पाणी मोतीझीलच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षांत ग्वाल्हेरने एक दिवसाआड येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले आहेत. अशा वेळी पाण्याच्या दिवशीच मोटर बसली तर सगळ्या घराचे हाल होतात आणि घाईत चुकीचा भाग बदलला जातो.

‘मोटर गेली’ अशी जी तक्रार असते, तिच्यात मोटर क्वचितच गेलेली असते. दोष बहुधा मोटरीच्या अलीकडे, टाकीपासून पंपाच्या तोंडापर्यंतच्या सक्शन नळीत असतो. म्हणून पाना उचलण्यापूर्वी पाण्याच्या वाटेने चालत जावे. टाकीत पाणी आहे का, ते नळीत शिरते का, पंपापर्यंत पोचते का, पुढे चढते का, या क्रमाने पाहत गेले की जिथे उत्तर ‘नाही’ येते तिथेच हात घालायचा.

मोटर चांगली फिरते आणि पाणी येत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. कारण हवा. अपकेंद्री पंप पाणी फेकू शकतो, हवा ओढून काढणे त्याला जवळजवळ जमत नाही. म्हणून सुरू होण्याआधी नळी आणि पंपाचे पोट पाण्याने भरलेले हवे. ते भरलेले राहावे यासाठी नळीच्या तळाला फूट व्हॉल्व्ह असतो. त्याच्या झडपेत कचरा, शेवाळ किंवा रबराचा तुकडा अडकला की रात्रभरात नळी रिकामी होते. परीक्षा सोपी आहे. पंपाच्या वरचा बूच उघडून काठोकाठ पाणी भरावे आणि मोटर न लावता दहा मिनिटे थांबावे. पाणी खाली गेले आणि बाहेर कुठे ओल दिसली नाही, तर फूट व्हॉल्व्ह गळतो आहे. पाणी जागेवर राहिले, पंपाने सुरुवातीला थोडे पाणी दिले आणि मग सोडले, तर सक्शनच्या एखाद्या जोडातून हवा शिरते आहे.

हा हवेचा शिरकाव भल्याभल्या मिस्त्र्यांना चकवतो, कारण चालू पंपात तो जोड थेंबभरही गळत नाही. आत दाब कमी असतो. पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. संशयाच्या जोडांवर साबणाचा दाट फेस लावून पंप चालवला की फेस आत ओढला जातो आणि मोटरीचा आवाजही बदलतो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उघड्या गच्चीवर किंवा अंगणात तापणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या दिवसा फुगतात, रात्री आकसतात आणि आट्यांचे जोड ढिले पडतात. एप्रिल-मेमध्ये मोटर ‘हवा घेऊ’ लागते त्यामागे हे एक कारण असते. दुसरे कारण टाकीतच असते. पाणी उतरून फूट व्हॉल्व्हच्या अगदी जवळ आले की भोवरा होतो आणि त्यातून हवा आत जाते. ढिल्या जोडावर, तो उघडून नव्याने टेफ्लॉन टेप किंवा ताग-सफेदा लावणे हाच उपाय. वरून एम-सील थापणे हे तात्पुरते काम आहे, आणि पुढच्या मिस्त्रीला ते खरवडत बसावे लागते. सक्शनची नळी पंपाकडे सतत चढती हवी. मध्ये कुबड राहिले तर तिथे हवा साचतेच.

नळी किती उंच ओढू शकते याला निसर्गाचीच मर्यादा आहे. हवेचा दाब पाण्याला समुद्रसपाटीवर १०.३ मीटरपर्यंतच उचलू शकतो. त्यामागचे कारण इटालियन शास्त्रज्ञ तॉरिचेल्लीने १६४४ मध्ये मांडले. घर्षण आणि गळती धरून घरगुती पंपाला प्रत्यक्षात सहा-सात मीटर पुष्कळ झाले. त्याहून खोल पाणी असेल तर मोठी मोटर आणून उपयोग नाही; पंपच खाली न्यावा लागतो किंवा पाण्यात बुडणारा घ्यावा लागतो.

पाणी येते पण बारीक, अशा वेळी आधी फूट व्हॉल्व्हची जाळी, मग अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, मग विजेचा दाब पाहावा. मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८४ मिळाले, म्हणजे दाब ८० टक्क्यांवर आला, तर ताकद ६४ टक्क्यांवर येते. कूलर आणि एसी एकदम चालतात त्या संध्याकाळी मोटर दमल्यासारखी वाटते ती यामुळे. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत आणि इंपेलरवर क्षार बसून पाणी महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे ते लक्षात येत नाही. नवा पंप बसेल त्याच दिवशी टाकी किती मिनिटांत भरली हे खडूने भिंतीवर लिहून ठेवावे. पुढच्या तपासाला याहून चांगले मोजमाप नाही.

मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, तेव्हा पहिले काम बटण बंद करणे. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळते. मेन स्विच काढून मागच्या पंख्याकडून दांडा हाताने फिरवून पाहावा. सुटीत महिनाभर पुण्या-इंदूरला जाऊन आलेल्या कुटुंबाच्या घरी तो बहुधा गंजाने किंवा क्षाराने चिकटलेला असतो, आणि थोडा हलवला की सुटतो. मोकळा फिरत असेल तर कपॅसिटर कमजोर झाला आहे. तो स्वस्त भाग आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो, म्हणून जाणत्यानेच बदलावा. पंप आणि मोटर यांच्या मधून टपकणारे पाणी मेकॅनिकल सील गेल्याचे सांगते. कोरड्या टाकीवर पंप चालत राहिला की सील तापून खराब होते, कारण तिला थंड ठेवणारे आणि वंगण पुरवणारे पाणीच तिथे नसते. सीलचा खर्च टाळला तर त्यामागून बेअरिंगचा आणि वाइंडिंगचा येतो. मोटरीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर दुसरा कुठलाही तपास करू नये. आधी अर्थिंग पाहावे आणि ३० मिलिअँपियरचे गळतीरोधक स्विच बसवून घ्यावे.

गच्चीची टाकी भरलेली आणि स्नानघरातला नळ कोरडा, हा दोष पंपाचा नव्हे. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की उतरत्या नळीत हवेचा गोळा अडकतो. टाकीच्या तोंडाशी उभी हवानळी बसवलेली असेल तर हे घडत नाही.

हेच शास्त्र लहान केबिनच्या नौकेवरही चालते, फक्त यंत्र वेगळे असते. तिथे १२ व्होल्टच्या बॅटरीवर पडद्याचा (डायफ्रॅम) पंप असतो आणि नळ उघडताच दाबाच्या स्विचने तो आपोआप सुरू होतो. पडद्याचा पंप थोडी हवा ओढू शकतो, म्हणून त्यात पाणी भरावे लागत नाही. मात्र गाळणीचे झाकण नीट बसले नसेल तर तोही नुसता खडखडतो. सगळे नळ बंद असताना तो थांबून थांबून चालत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपाची झडप परत पाणी सोडते आहे. नौकेच्या तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाचा तरंगता स्विच कचऱ्यात अडकणे आणि खाऱ्या हवेने तारांची टोके गंजून व्होल्टेज पडणे, हे कोकण किनाऱ्यावर नेहमी पाहावेत असे दोन दोष. घरात पंप बंद पडला तर गैरसोय होते. नौकेत उपसा बंद पडला तर नौका बुडू शकते, म्हणून सोबत हाताने चालणारा पंप ठेवतात.

शेवटी एक प्रकार असा, की ज्याची दुरुस्ती न करता तो काढूनच टाकायला हवा. तो म्हणजे निगमच्या लाइनला थेट जोडलेला टुल्लू पंप. लाइनमध्ये दाब कमी असताना तो ओढू लागला की नळीत निर्वात पोकळी तयार होते, फुटक्या जोडांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत येते आणि ते ओढणाऱ्याच्या घरातच नव्हे तर पुढच्या सगळ्या घरांत जाते. वर, गल्लीच्या टोकाच्या घराला मिळणारे पाणीही तो हिरावतो. लाइनचे पाणी आपल्या दाबाने जमिनीच्या पातळीवरच्या टाकीत पडू द्यावे आणि मोटर त्या टाकीलाच लावावी. पिण्याच्या लाइनवर पंप बसवणे गैर आहे. बसवला असेल तर आजच काढून घ्यावा.