पश्चिम घाटविषयक तज्ज्ञ समित्या

पश्चिम घाटाच्या संरक्षणाचे धोरण सुचवण्यासाठी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने लागोपाठ नेमलेल्या दोन समित्या. सार्वजनिक धोरणात तज्ज्ञमताला किती वजन असावे, या वादात त्यांचा दाखला वारंवार दिला जातो.

गाडगीळ समिती : परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१० मध्ये स्थापन. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. मात्र केंद्रीय माहिती आयोग व दिल्ली उच्च न्यायालय यांच्यापर्यंत प्रकरण गेल्यावर मे २०१२ मध्ये तो खुला झाला. समितीने सु. १,२९,००० चौ. किमी. क्षेत्राचे सु. ९ × ९ किमी.चे चौकोन पाडले आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती, सदाहरित वन, उंची, उतार इ. निकषांवर त्यांना गुण दिले. संपूर्ण घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून त्याचे तीन श्रेणींत विभाजन सुचवले. श्रेणींच्या सीमा तात्पुरत्या समजून ग्रामसभांपासून चर्चा व्हावी, ही तिची महत्त्वाची शिफारस. सिंधुदुर्गातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील ठरवावा, असे ठराव केले होते.

कस्तुरीरंगन समिती : अवकाशशास्त्रज्ञ व नियोजन आयोगाचे तत्कालीन सदस्य के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली ऑगस्ट २०१२ मध्ये स्थापन. अहवाल एप्रिल २०१३. घाटाची व्याप्ती १,६४,२८० चौ. किमी. धरून उपग्रह प्रतिमांच्या आधारे वस्ती, शेती व मळे यांचा ‘सांस्कृतिक’ भूप्रदेश वेगळा काढला. सु. ३७% क्षेत्र (सु. ६०,००० चौ. किमी.) संवेदनशील ठरवले. गाव हे एकक मानल्याने ४,१५६ गावांची यादी तयार झाली.

मतभेद : दोन्ही अध्यक्ष नामवंत वैज्ञानिक असल्याने केवळ अधिकाराच्या आधारे एका अहवालाची निवड करता येत नव्हती. क्षेत्र व निकष यांतील फरक मोजता येण्याजोगे आहेत. सीमा कोणी ठरवाव्यात हा प्रश्न मात्र मापनाने सुटणारा नाही. स्थानिकांच्या निर्णयाधिकाराबाबत दुसऱ्या अहवालाने घेतलेल्या भूमिकेवर गाडगीळ यांनी मे २०१३ मधील खुल्या पत्रात टीका केली. पहिला अहवाल अव्यवहार्य असल्याचा आक्षेप काही राज्य सरकारांनी घेतला.

लोकांचा विरोध : संवेदनशील क्षेत्र ठरवण्याविरुद्ध केरळमधील डोंगराळ जिल्ह्यांत आंदोलने झाली.

अंमलबजावणी : दुसऱ्या अहवालाच्या आधारे पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. वायनाडमधील भूस्खलनानंतर ३१ जुलै २०२४ रोजी सहावा मसुदा निघाला. त्यात ५६,८२५ चौ. किमी. क्षेत्र असून महाराष्ट्राचा वाटा १७,३४०, तर गोव्याचा १,४६१ चौ. किमी. आहे.