नीरी: वासाचा आकडा करणारी प्रयोगशाळा

आजचा भाग जरा नागपूरला नेणार आहे, पण सुरुवात आपल्या भाईंदरपासूनच करूया.

लोकल नायगावकडे निघाली की पुलाखाली जी खाडी लागते, ती उल्हास नदीचं शेवटचं टोक. आणि वर्षानुवर्षं आपल्या नळाला स्टेमकडून आणि एमआयडीसीकडून जे पाणी येतंय, तेही उल्हासचंच, फक्त वरच्या अंगाला उचललेलं. म्हणजे एकाच नदीचं पाणी आपण वर पितो आणि खाली तिचा वास सोसतो. मधे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण. आता कोणी म्हणालं "खाडी घाण झालीय", तर सगळे माना डोलावतात. पण वासावर कोणाला नोटीस निघत नाही. त्याला आकडा लागतो. आपल्या देशात हा आकडा काढायची पद्धत कशी बसली, ते समजून घ्यायचं तर नीरीचा इतिहास बघावा लागतो.

१९५५ सालचा डिसेंबर. दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. कारण काय? यमुनेचं पात्र सरकलं होतं आणि नजफगडच्या नाल्याचं सांडपाणी उलटं येऊन वझिराबादला, जिथून शहराचं पिण्याचं पाणी उचलायचे, तिथे पोचलं. पाण्यात क्लोरीन टाकलेलं होतं. जिवाणू बऱ्यापैकी मेले, विषाणू मात्र सुटला. म्हणजे राजधानीतलं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी लोकांना आजारी पाडत होतं.

त्या काळात देशापुढचे प्रश्न हे असे होते: पाणी, मैला, साथी. त्यासाठी १९५८ मध्ये सीएसआयआरने नागपूरला एक संस्था काढली. नाव लांबलचक, केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था. या नावात 'पर्यावरण' कुठेच नाही, हे बघा. तो शब्द सरकारी पाटीवर यायला अजून वेळ होता. १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिथे इंदिरा गांधी बोलल्या. १९७४ मध्ये आपला जलप्रदूषण कायदा आला आणि त्याच वर्षी या संस्थेचं नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून नीरी. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबादला तिच्या विभागीय शाखा आहेत. मुंबईची वरळीला.

अशा प्रयोगशाळेत नेमकं चालतं काय? महागडी यंत्रं असतातच. पण सगळ्यात महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एक अगदी साधी आहे, बीओडी. नाल्याचं पाणी बाटलीत भरायचं, त्यात विरघळलेला ऑक्सिजन किती ते मोजायचं, बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवायची आणि काही दिवसांनी परत मोजायचं. पाण्यात घाण जास्त, तर ती खाणारे जिवाणू जास्त ऑक्सिजन संपवतात. जेवढा ऑक्सिजन कमी झाला, तेवढी घाण. मूळ ब्रिटिश पद्धत २० अंश तापमानाला ५ दिवसांची. तिकडच्या नद्यांचं पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळतं, म्हणून ५, असं सांगतात. आपल्या उष्ण हवेला ते कुठलं जमायला? म्हणून भारतीय मानकात आता २७ अंशांना ३ दिवस आहेत. मोजमापसुद्धा आपल्या मातीत आणावं लागतं, ते असं.

नुसतं मोजून नीरी थांबली नाही. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार. त्याने दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या मंडळींना हे सांगायला नको. नीरीने काढलेला उपाय असा: पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक प्रमाणात घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. बादलीतही करता येतं आणि गावाच्या टाकीतही. नलगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. अडचणीही आहेत. गाळ टाकायचा कुठे, आणि प्रमाण चुकलं तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं.

आता आकड्याची ताकद बघा. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे एच-ॲसिड हे रंगधंद्यातलं रसायन बनवायला सुरुवात झाली. विषारी गाळ उघड्यावर पडला, जमिनीत मुरला, विहिरी नासल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने नीरीला पाहणी करायला सांगितलं. त्या अहवालाच्या आधारे १९९६ मध्ये निकाल लागला: ज्याने घाण केली, त्यानेच साफ करायचा खर्च द्यायचा. त्याच वर्षी ताजमहालाच्या खटल्यातही नीरीचे अहवाल न्यायालयापुढे होते, आणि २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळा, नाहीतर जागा बदला, असा आदेश निघाला.

पण बिछडीची गोष्ट १९९६ ला संपत नाही. पैसे भरायचं टाळण्यासाठी अर्जांवर अर्ज होत राहिले. २०११ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं की ३७ कोटींहून जास्त रक्कम चक्रवाढ व्याजासकट भरा. मधली १५ वर्षं विहिरींचं काय? आपल्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट पक्का होता, तिकीट उघडं होतं, फिक्स मात्र कोणी डिप्लॉय करत नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नीरी सरकारी असली तरी प्रकल्पांचे पर्यावरण परिणाम अहवालही करते, आणि ते काम प्रकल्पवाल्यांकडून येतं. सेतुसमुद्रम कालव्याचा अहवाल नीरीनेच केला होता. त्यात वादळांचा आणि गाळाचा विचार पुरेसा नाही, अशी टीका शास्त्रज्ञांनी केली. म्हणून अहवालावर शिक्का कोणाचा, एवढ्यावर भागत नाही. नमुना कुठून घेतला, कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला, हे विचारावं लागतं. खाडीच्या बाबतीत तर नक्कीच. भरतीला समुद्राचं पाणी मिसळतं आणि तीच खाडी एकदम स्वच्छ दिसते.

आणि इथे आपला संबंध येतो. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा जातो. तिथले गावकरी धुराबद्दल, शेतात उतरणाऱ्या काळ्या पाण्याबद्दल किती वर्षं बोलतायत. त्यांच्या बोलण्याला आकड्याची जोड हवी, आणि तो मागायचा हक्क आपल्याला आहे. महापालिका कायद्याप्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. तो मिळवा, माहिती अधिकारात मागा. खाडीच्या पाण्याचा बीओडी किती लिहिलाय, नमुना कुठल्या जागेचा आहे, गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला, एवढं बघा.

बाटली तिचं काम ३ दिवसांत करते. पुढे तो आकडा कोणीतरी वाचून सभेत, कोर्टात मांडावा लागतो, आणि ते काम नागपूरचं नाही, आपलं आहे. तुमच्या वॉर्डातला अहवाल सापडला तर जरूर कळवा, पुढच्या भागात तो सगळ्यांनी मिळून वाचू. भेटूया!