एलियाहू हन्नाबीचा मलिदा

मलिदा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी राजकारण येते, तो दोष वर्तमानपत्रांचा. इथे ज्या मलिद्याचा मागोवा घ्यायचा आहे तो खराखुरा, ताटातला. मोठ्या ताटात भिजवून निथळलेले पोहे, त्यांत ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलदोड्याची पूड, बदाम-पिस्त्यांचे काप. भोवती खजूर, केळी, संत्री, सफरचंदे अशी पाच प्रकारची फळे, वर गुलाबाच्या पाकळ्या, शेजारी सब्जाच्या डहाळ्या. घरची वडीलधारी मंडळी ताटाभोवती बसतात, पुरुषांच्या डोक्यांवर टोप्या असतात, आणि हिब्रू प्रार्थना सुरू होतात. ब्राखा म्हणजे आशीर्वचन. झाडाच्या फळासाठी एक, जमिनीतून उगवलेल्यासाठी दुसरे, सुवासासाठी तिसरे. केळ्याला झाडाच्या फळाचा मान नाही. ज्यू धर्मशास्त्राच्या लेखी केळ हे झाड नव्हेच, म्हणून केळ्यावर जमिनीच्या फळाची ब्राखा म्हणायची. ज्यांच्या परसात पिढ्यान् पिढ्या केळी उभ्या होत्या, त्या लोकांनी हा बारकावा जपावा, हे मला मोठे गमतीचे वाटते.

हा विधी बेने इस्रायल समाजाचा, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंचा. लग्न ठरले, मुलाची सुंता झाली, नवे घर घेतले, कोणी दुखण्यातून उठले, नवस फेडायचा राहिला, की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करायचा. एलियाहू हा बायबलातला एलीया संदेष्टा, जो मेला नाही, अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेला. जगभरचे ज्यू त्याची आठवण ठेवतात. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री द्राक्षरसाचा पेला भरतात. पण पोह्यांचे ताट त्याच्यापुढे ठेवले ते फक्त अलिबाग-रेवदंडा-पेणच्या पट्ट्यात. ते तिथे कसे आले आणि पुढे कुठवर गेले, हे पाहायचे तर आपल्याला आधी नौगावच्या किनाऱ्यावर जायला हवे.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेला नौगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, धर्मग्रंथ समुद्राने नेले. बुडालेल्यांना पुरले त्या जागा नौगावात आजही दाखवतात. हे केव्हा घडले? समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात ही घटना इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपासची मानली. तिला कागदाचा आधार नाही. सात जोडप्यांची कथा शब्दशः धरायचे कारण नाही, पण ती टाकून देण्याचेही नाही. ग्रंथ गेले, माणसे उरली, हा तिचा गाभा पुढच्या सगळ्या इतिहासाशी जुळतो.

उरलेल्या माणसांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. नावात जातही आली आणि वेगळेपणही. मुलांची आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शमा’ ही एकच हिब्रू प्रार्थना, एवढी शिदोरी. बाकी सारे गावाचे. भाषा मराठी, बायकांचे लुगडे गावचे, गळ्यात मंगळसूत्र, लग्नाआधी मेंदी. गोमांस खायचे नाही, विधवेचे लग्न करायचे नाही. आडनावे गावांवरून, किहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर. पुरुषांची नावेही कोकणी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी. गोरे आणि काळे असे दोन पोटभेदही पडले आणि त्यांच्यात रोटीबेटीव्यवहार बंद राहिला. जातीच्या गावात राहून जात न लागलेला समाज निदान मला तरी माहीत नाही.

बाहेरच्या जगाला यांची खबर अठराव्या शतकात लागली. १७३८ मध्ये सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने मद्रास भागातून लिहिलेल्या पत्रात ‘बेने इस्रायल’ म्हणवणाऱ्या, पण हिब्रू आणि बायबल न जाणणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. १७६८ मध्ये कोचीनचे धनिक ज्यू व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रातही ते भेटतात. मराठ्यांच्या मुलुखात विखुरलेले, तेल काढणारे, काही शिपाईगिरी करणारे, ‘शमा’ आणि शनिवार यांपलीकडे काही न जाणणारे, असे ते वर्णन. समाजाची स्वतःची आठवण मात्र दावीद रहाबी या नावाभोवती गुंफलेली आहे. हा दावीद नक्की कोण आणि कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कथा अशी की त्याने बायकांना मासे निवडायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले एकीकडे काढले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मात खाण्याजोगा मासा तोच. रहाबीची खात्री पटली आणि त्याने समाजातल्या तिघांना धर्म शिकवून तयार केले. त्यांच्या घराण्यांना पुढे काजी म्हणू लागले. बेने इस्रायलांचा धर्माधिकारी काजी म्हणवून घेतो आणि त्यांचे प्रार्थनागृह मशीद म्हणवून घेते, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले नाही. देवाला एकच मानणारे, मूर्ती न ठेवणारे शेजारी मुसलमानच होते. तेव्हा शब्द त्यांच्याकडून आले, हे साहजिक झाले.

समाजाचे जुने पंचांग उलगडले की हे थर स्पष्ट दिसतात. वर्षारंभ तो नव्याचा सण. पुढे खिरीचा सण. योम किप्पूरचा कडक उपास म्हणजे दारफाळणीचा सण, दारे लावून घरात बसायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी संपर्क नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. पूरिमला होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही एकाच ऋतूत. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकदिनाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे. आणि माघाच्या सुमारास, शेवाट या ज्यू महिन्याच्या पंधराव्या तिथीला, एलियाहू हन्नाबीचा उरूस. ज्यू संदेष्टा, पिराचा उरूस आणि कोकणातले पोहे, सगळे एकाच दिवशी. उरसाची जागा अलिबागजवळचे खंडाळे. तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या, असे समाज मानतो. एलियाहू याच खडकावरून स्वर्गात गेला, अशी त्यांची श्रद्धा. दर्ग्यावर मलिदा चढतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. तिथे तो भाकरी किंवा पोळी कुस्करून गूळ-तुपात मळतात. शनवार तेल्यांच्या ताटात भातखाचरांच्या प्रदेशातले पोहे आले. देवघेवीच्या तारखा कोणी लिहून ठेवल्या नाहीत, पण ताट, उरूस आणि टापांच्या खुणा एकत्र पाहिल्या की दिशा कळते.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही माणसे मुंबईकडे सरकू लागली, बरीचशी कंपनी सरकारच्या पलटणीत शिरण्यासाठी. त्यांतले एक सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. तीच जुनी मशीद. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव तिच्यावरून पडले असे सर्रास सांगितले जाते. इथून पुढच्या शतकात धर्म शिकवायला तीन निरनिराळे गुरू आले. कोचीनचे ज्यू हिब्रू पाठांतर घेऊन आले. बगदादी ज्यू व्यापारी पैसा आणि प्रतिष्ठा घेऊन आले, आणि सोबत बेने इस्रायलांच्या ज्यूपणाबद्दलची शंकाही. तिसरे ख्रिस्ती मिशनरी. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. धर्मांतर व्हावे म्हणून शिकवलेल्या हिब्रूने बेने इस्रायल अधिकच पक्के ज्यू झाले, हा मिशनऱ्यांच्या वाट्याला आलेला उपरोध मोठा गोड आहे.

हिब्रू आली म्हणून मराठी मागे पडली असे मात्र झाले नाही, आणि मागोवा घेणाऱ्याने इथे जरा थबकायला हवे. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठीसह शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र मराठी हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसर देशातून सुटका झाली ती जणू कोकणातल्या बायकांचीच. १८७५ मध्ये केहिमकरांनी मुलांसाठी शाळा काढली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या आसपास तरुणांना हिंदूंची कीर्तने ऐकून हुरूप आला आणि बायबलातल्या कथांवर पूर्वरंग-उत्तररंगासह कीर्तने उभी राहिली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी चालींत. सुधारकी मंडळी आता होळीचा सण म्हणेनात, पूरिम म्हणू लागली. मलिद्याच्या ताटात पूर्वी कलेजीही ठेवीत, तीही मागे पडली. पोहे मात्र राहिले.

१८९७ मध्ये बाझेलला पहिली झिओनवादी परिषद भरली तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलांना निमंत्रण होते. त्यांनी नम्रपणे नाही म्हटले. पूर्वजांच्या भूमीत देव परत नेईल तेव्हा जाऊ, अशी त्यांची धारणा. पन्नास वर्षांनी चित्र पालटले. एकीकडे समाज इथे मानमरातब मिळवत होता. राजपूरकरांपैकीच डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, आणि पडद्यावर डेव्हिड हे नाव घराघरांत पोचले, त्यांचे आडनाव चेऊलकर हे फार थोड्यांना ठाऊक. दुसरीकडे १९४८ मध्ये इस्रायल जन्माला आले. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे वीस हजारांचा असलेला हा समाज पुढच्या तीन दशकांत बहुतांशी तिकडे गेला.

तिथे गेल्यावर जे घडले ते या मागोव्यातले सर्वांत मोठे वळण. कोकणातल्या गावात शनिवार पाळणारा म्हणून हा समाज वेगळा. आता ज्या देशात अख्खा बाजार शनिवारी बंद, तिथे शनवार तेली कोण? बेरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोदच्या नव्या वस्त्यांत त्यांना काळे म्हणून हिणवले गेले. १९५१-५२ मध्ये काहींनी उपोषण-धरणे करून भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि काही परतलेही. मग तिथल्या ज्यू धर्मपीठाने ठरवले की या लोकांची लग्ने लावताना त्यांच्या वंशाची चौकशी व्हावी. शतकानुशतके कोकणात घटस्फोट आणि विवाहाचे ज्यू नियम पाळले गेले असतील काय, ही शंका. ज्यांनी मासे निवडून ज्यूपण सिद्ध केले होते, त्यांना पुन्हा परीक्षेला बसवले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, ऑगस्टमध्ये संसदेत चर्चा होऊन समाजाचे ज्यूपण निःसंदिग्ध मान्य झाले आणि धर्मपीठाला आदेश बदलावा लागला.

पण ओळखीची गरज ठरावाने भागत नाही. शनिवार सगळ्यांचा झाला, हिब्रू सगळ्यांची झाली. मग स्वतःचे म्हणून काय दाखवायचे? जे शेजाऱ्यांकडून आले होते तेच. मेंदी, गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध घालून नव्याच्या सणाला केलेला चिकाचा हलवा, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक, आणि सगळ्यांत वर मलिदा. हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलीयाची गुहा आहे. निरनिराळ्या देशांतून आलेले ज्यू तिथे नवस बोलतात. त्यांत बेने इस्रायल ओळखू येतात ते पोह्यांच्या ताटावरून. खंडाळ्याचा खडक सोबत नेता आला नाही, तेव्हा त्यांनी एलियाहूची ही दुसरी जागा आपलीशी केली. कोकणात मलिदा हा शेजारधर्म होता, त्याने कोणी वेगळे ठरत नव्हते. तोच इस्रायलात समाजाची खूण झाला. शनिवार आणि मलिदा यांनी जागा बदलली, माणसे तीच राहिली असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. तिसऱ्या पिढीला ताट लावता येते, पण त्याच्या भोवती होणारे बोलणे आता हिब्रूत असते.

इकडे अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग उभे आहे, रेवदंडा आणि पनवेललाही आहेत. भारतात बेने इस्रायल आता चार-पाच हजारच उरले आहेत, बरेचसे मुंबई-ठाण्याकडे. खंडाळ्याला इस्रायलहून आलेली कुटुंबे गाडीतून उतरतात, टापांच्या खुणांपाशी ताट मांडतात, वडीलधारे मराठीत सूचना देतात आणि नातवंडे मोबाइलवर चित्रण करतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. सरकारी अर्जातला वेगळा रकाना त्यांना मिळाला खरा, पण तोवर तो भरणारे बहुतेक हात दिमोना आणि अश्दोदला गेले होते.