देवळीतला दिवा आणि ओट्यावरची पट्टी



गेल्या श्रावणातली गोष्ट. दिवसभर पावसाची झड होती. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची म्हणून चार वाजताच आख्ख्या मुगाची आमटी टाकली. मूग सासूबाईंनी निवडले होते. पानावर बसल्यावर त्यांच्याच वाटीत शिजलेला भुंगा निघाला. त्या काही बोलल्या नाहीत. ताट बाजूला सारलं, दुसऱ्या दिवशी उपवास केला आणि मला म्हणाल्या, "आता निवडणं-टिपणं तूच बघ. माझे डोळे गेले."

पन्नास वर्षं ज्या बाईनं सूप हातातून सोडलं नाही, तिनं असं म्हणावं, हे मला लागलं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मागेच झालंय, चष्माही नवा आहे. मग मी स्वतः ओट्यापाशी उभी राहून बघितलं. ट्यूब मागच्या भिंतीवर, उंच. वाकलं की आपल्याच डोक्याची सावली परातीत. दोष डोळ्यांचा नव्हताच, उजेडाच्या जागेचा होता.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या जुन्या घरात असं नव्हतं. देवळी समोर होती." त्या एका वाक्यावरून मी घरातल्या उजेडाचा इतिहास शोधायला लागले.

आमचं निलंग्याचं जुनं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकडं आणि मातीचा थर. अशा भिंतीत देवळ्या ठेवता येत. चुलीजवळची देवळी बसलेल्या बाईच्या चेहऱ्याच्या उंचीला असे. तिच्यात आधी तेलाचा दिवा, पुढे रॉकेलची चिमणी. उजेड थोडा, पण समोरून येणारा, हातावर पडणारा. ज्योतीवर वारा येत नसे आणि काजळी देवळीतच राही. कंदील आला तो ओसरीवर. त्याची काच रोज राखेनं पुसायचं काम घरातल्या मुलींचं.

वीज आपल्याकडे उशिरा आली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे १८८२ साली लागले होते. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब गावोगाव पोचले. सासूबाई सांगतात, घरात पहिला बल्ब लागला तो ओसरीत, पाहुण्यांसाठी. स्वयंपाकघराची पाळी शेवटी आली. तोवर देवळी चालूच होती.

ती बंद पडली १९९३ मध्ये.

३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. आमचं दशलक्षण पर्व संपलेलं, गावोगावी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारीचा भूकंप झाला आणि औसा, निलंगा, उमरगा, लोहारा हा सगळा पट्टा हादरला. हजारो माणसं गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो त्याच जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या मातीनं. आमचं घर पडलं नाही, पण स्वयंपाकघराची भिंत देवळीपासून खालपर्यंत चिरली. कित्येक रात्री सगळे अंगणात, मधोमध कंदील. सासूबाई म्हणतात, त्या दिवसांत कुणी कंदील विझवू देत नसे.

मग नवीन घर झालं, सिमेंटचे खांब-तुळया आणि सहा इंची भिंती. तेच शहाणपणाचं होतं. पण सहा इंचात देवळी बसत नाही. उजेड समोरून उठला आणि पाठीमागे, छताजवळ गेला. तेव्हा त्याची खंत करायला कुणाला उसंत होती?

योगायोग असा, की त्याच १९९३ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी जगापुढे आणला. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच केला होता, पण निळा काही केल्या साधत नव्हता आणि निळ्याशिवाय घरात लावण्याजोगा पांढरा उजेड मिळेना. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की दोन्ही मिळून पांढरं दिसतं. सुरुवातीचा तो पांढरा निळसर, रुग्णालयासारखा असे. लाल झाक देणारे फॉस्फर मिसळू लागले तेव्हा दिव्याच्या ज्योतीकडे झुकणारा 'वॉर्म' रंग आला. निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं. २०१५ च्या जानेवारीत आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली आणि नऊ वॅटचे एलईडी बल्ब घरोघर आले.

तर मी ओट्यावरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावायचं ठरवलं. पहिल्यांदा चुकले. जास्त उजेड म्हणून शुभ्र पांढरी घेतली. पहिल्याच संध्याकाळी ती चुकून चालू राहिली आणि सकाळी ओट्यावर पावसाळी पाखरांचा सडा. सासूबाईंनी मऊ कुंचल्यानं एकेक जिवंत पाखरू सुपलीवर घेऊन अंगणात नेलं. मेलेल्यांकडे बघत म्हणाल्या, "एक भुंगा वाचवायला दिवा लावलास, आणि हे?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये हाच विचार मांडला: सूर्यप्रकाशाशिवाय जेवणारा, दिवा लावून का होईना, अन्नातल्या सूक्ष्म जीवांची हिंसा कशी टाळणार? आपण लहानपणी तो रात्रिभोजनाचा नियम म्हणून पाठ करतो. मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, की तो दिव्याबद्दलचाही विचार आहे. दिवा दाखवतो तसा बोलावतोही.

मग पट्टी बदलली. कीटक निळसर उजेडाकडे जास्त ओढले जातात, पिवळसर उजेडाकडे कमी. अजिबात येत नाहीत असं नाही. आता ३००० केल्विनची वॉर्म पट्टी आहे. तुम्हाला लावायची असेल तर एवढं सांगते. बारा व्होल्टची पट्टी घ्या, तिला वेगळा अडॅप्टर लागतो. तो नळ आणि गॅसपासून लांब ठेवा. पट्टी मधेच कुठेही कापू नका, तांब्याच्या खुणेवरच कापा. आधी कपाटाखालचा तेलकटपणा सोड्याच्या पाण्यानं पुसून कोरडा करा, नाहीतर महिन्यात सुटते. उघडी न चिकटवता अॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवा आणि वर दुधी झाकण लावा. पट्टी गार राहते, डोळ्यांवर ठिपके येत नाहीत आणि पाखरू थेट दिव्याला चिकटत नाही. पन्हळ कपाटाच्या पुढच्या कडेशी ठेवा, म्हणजे उजेड हातावर पडतो. माझी तीन मीटरची पट्टी साधारण पंधरा वॅट घेते. जुना 'झिरो'चा बल्बही तेवढीच वीज खायचा, नावाला झिरो!

पण खरी गोष्ट बटणाची. देवळीतलं तेल संपायचं, चिमणीतलं रॉकेल मोजून मिळायचं. उजेडाला आपोआप मर्यादा होती. ही पट्टी वर्षानुवर्षं जळेल आणि बिलात कळणारही नाही. म्हणून मर्यादा आपणच घालायची. आमच्या घरचा नियम असा ठरला: पट्टी दिवसाच लावायची, ढगाळ असेल तेव्हा, निवडण्या-शोधण्यापुरती. दिवस वाढवायला ती नाही. सूर्य मावळला की बंद.

आपली दिवाळीही मला आता थोडी वेगळी दिसते. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर पावापुरीत दिवे उजळले आणि तेव्हापासून लोक दीपालिका साजरी करतात, असं आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ ला, हरिवंशपुराणात नोंदवलं आहे. ते दिवे मोठा उजेड गेल्याच्या आठवणीचे होते. त्याची जागा दिवा घेऊ शकत नाही, हे लावणाऱ्यांना माहीत होतं.

सासूबाईंनी पुन्हा सूप हातात घेतलंय. परवा मुगातून तीन भुंगे काढले, वाटीत धरून मला दाखवले आणि अंगणातल्या तुळशीपाशी सोडून आल्या. आल्यावर खिडकीतून बाहेर बघितलं. दिवस मावळत आला होता. त्यांनीच हात लांब करून बटण बंद केलं आणि म्हणाल्या, "चल, पानं घे लवकर."